टॉवर, मिश्री आणि जुळवलेलं रीडिंग

आपल्यापैकी किती जणांनी लॅबमध्ये रीडिंग 'जुळवलेलं' आहे? हात वर करू नका, हा अंक सर लोकही वाचतात! पण पद्धत सगळ्यांना माहीत आहे. आधी सीनियरच्या जर्नलमधला ग्राफ बघायचा, सरळ रेष कुठून जाते ते पाहायचं आणि मग त्या रेषेवर बसतील अशी रीडिंगं लिहायची. एखादं फारच बाहेर गेलं तर 'लूज कनेक्शन होतं सर' म्हणून खोडायचं. मग ओरलला एक्स्टर्नल चष्म्यावरून बघत विचारतात, "इतकं परफेक्ट कसं काय आलं रे?" आणि आपण टेबलाकडे बघतो.

हा लेख रीडिंग जुळवण्याबद्दलच आहे. फक्त ते जर्नल माझं नव्हतं, आणि त्यात मार्क गेले नाहीत. माझ्या आत्याच्या जबड्याचा एक तुकडा गेला.

माझी आत्या इथेच कोल्हापुरात, उपनगरातल्या एका कॉलनीत राहते. हॉस्टेलवरच्या मुलाला गावात आत्या असणं म्हणजे काय सुख, हे रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा कळतं. मी सेकंड इयरला होतो तेव्हा तिच्या घरासमोरच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला. कॉलनीत खळबळ उडाली. मीटिंग झाली, समिती झाली. पुण्या-मुंबईकडच्या एका आरोग्य-जागृती गटाचं इंग्रजी पत्रक कुणीतरी आणलं. "तुझा भाचा इंजिनिअरिंगला आहे ना? तेसुद्धा टेलिकॉमला! त्यालाच सांगा मराठी करायला," असं ठरलं आणि पत्रक माझ्याकडे आलं.

मी ते एका रात्रीत मराठीत आणलं. काय सांगू, अंगात वारंच भरलं होतं! 'टॉवरपासून ४०० मीटरच्या आत राहणाऱ्यांना कॅन्सरचा धोका तिप्पट : जर्मनीतील डॉक्टरांचे संशोधन. इस्राएलमध्ये चौपट. जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले.' खाली माझं नाव आणि कंसात ई अँड टीसी. ते मूळ अभ्यास मी वाचले होते का? नाही. ते कुठे छापून आलेत ते तरी बघितलं होतं का? नाही. एका स्थानिक दैनिकानं पत्रकातला मजकूर जवळजवळ जसाच्या तसा छापला, माझ्या नावासकट. ते कात्रण मी रूमच्या भिंतीवर चिकटवलं. महापालिकेवर मोर्चा निघाला, त्यात मी सगळ्यात पुढे होतो.

त्याच दिवसांत आत्या म्हणायला लागली, "आरं, त्यो टॉवर आल्यापास्नं माझं तोंड पोळतंय बघ. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतंय." कॉलनीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाला झोप लागत नव्हती, आत्याचं तोंड पोळत होतं. रेडिएशन, दुसरं काय! आत्यानं रस्त्याकडच्या खोलीत झोपणं बंद केलं. खिडकीला जाड पडदा लावला. कुणीतरी 'रेडिएशन अडवणारा' स्टिकर दिला, तो मोबाईलच्या पाठीला चिकटवला. आणि रोज सकाळी उठून, चुलीवर भाजून काळी केलेली तंबाखू बोटावर घेऊन, गेली तीस वर्षं लावत होती तशी मिश्री लावत राहिली.

यात सात महिने गेले. शेवटी गालाच्या आत गाठ हाताला लागायला लागली तेव्हा दवाखाना झाला. डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंडात बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, मिश्री लावता का?" टॉवरचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. आत्यानंच सांगितलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "सात महिन्यांपूर्वी नुसता चट्टा होता तेव्हा आला असता तर बरं झालं असतं." तुकडा तपासणीला गेला. पुढचं मी लिहीत बसत नाही. ऑपरेशन झालं, आत्या आज आपल्यात आहे, तिचं बोलणं थोडं बोबडं झालं आहे, आणि तांबडा रस्सा तिला बंद आहे.

त्या रात्री हॉस्टेलवर येऊन मी भिंतीवरचं कात्रण काढलं आणि पहिल्यांदा ते दोन अभ्यास शोधून वाचले. जे पत्रक लिहायच्या आधी करायचं, ते नंतर केलं.

पहिला जर्मनीचा. बव्हेरियात नायला नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या काही डॉक्टरांनी १९९४ ते २००४ या दहा वर्षांतले आपल्याच सुमारे एक हजार रुग्णांचे कागद चाळले आणि टॉवरपासून ४०० मीटरच्या आतले आणि बाहेरचे असे दोन भाग केले. दहा वर्षांत कॅन्सरचे नवे रुग्ण निघाले सगळे मिळून चाळिसाच्या आत. त्यातही 'तिप्पट' हा आकडा फक्त शेवटच्या पाच वर्षांचा. म्हणजे हिशेब दहा-वीस माणसांवर आला. एवढ्या लहान आकड्यात चार माणसं इकडची तिकडे झाली की तिप्पटचं दीडपट होतं. प्रत्येक रुग्ण सिगारेट ओढतो का, काम काय करतो, याचा हिशेब धरलेला नव्हता. आणि रुग्णाला प्रत्यक्ष किती रेडिएशन मिळालं हे मोजलेलं नव्हतं, मोजलं होतं ते अंतर.

दुसरा इस्राएलमधल्या नेतन्या शहराचा, २००४ साली छापलेला. टॉवरजवळ राहणारे एकाच दवाखान्याचे ६२२ रुग्ण घेतले. जुलै १९९७ ते जून १९९८ या एका वर्षात त्यांच्यात आठ जणांना गाठी निघाल्या. शेजारच्या दवाखान्याच्या १२२२ लोकांत दोघांनाच. आणि सर्वसाधारण लोकसंख्येच्या प्रमाणाशी तुलना करून चौपट! आता त्या आठ गाठी कोणत्या ते बघा. तीन स्तनाच्या, एक बीजांडकोशाची, एक फुप्फुसाची, एक मूत्रपिंडाची, एक लसिकाग्रंथींची आणि एक हाडाची. त्यातली हाडाची तर कॅन्सरच नव्हे, साधी गाठ. एकाच कारणानं आठ जणांना सहा ठिकाणी सहा तऱ्हेचे आजार, हे कसं काय जमावं? आणि टॉवर सुरू कधी झाला होता? जुलै १९९६ मध्ये. म्हणजे टॉवर लागल्यावर एका वर्षात रुग्ण मोजायला सुरुवात. तंबाखूसारख्या पक्क्या गुन्हेगारालाही कॅन्सर करायला वर्षानुवर्षं लागतात. जी गाठ १९९७ साली सापडली ती टॉवर यायच्या आधीच वाढत असणार, हे आत्याला मी सांगू शकलो असतो. पण आधी मला स्वतःला ते कळायला हवं होतं.

लहानपणी भिंतीवर दगड मारायचा खेळ आपण खेळलोय. आधी वर्तुळ काढून त्यात दगड मारणारा नेमबाज. आधी दगड मारून मग जिथे लागला तिथे खडूनं वर्तुळ काढणारा... तो कधीच चुकत नाही! देशात टॉवर लाखो आहेत आणि कॅन्सर, दुर्दैवानं, प्रत्येक वस्तीत आहे. कुठल्या ना कुठल्या टॉवरसमोर योगायोगानं रुग्णांचा घोळका दिसणारच. २०१० च्या सुमारास दक्षिण मुंबईत कारमायकेल रोडवरच्या एका उंच इमारतीत असेच काही रुग्ण निघाले, समोर अँटेना होते, आणि बातमी सगळीकडे गाजली. त्या रुग्णांचं दुःख खरं होतं. पण ज्या इमारतींसमोर अँटेना आहेत आणि आत कुणीही आजारी नाही, त्यांची बातमी कधी वाचलीत? ती कोण छापणार!

आता कुणी म्हणेल, हे तर छोटे अभ्यास, मोठ्यांचं काय? तिथेही गंमत आहे. १३ देशांनी मिळून मोबाईल आणि मेंदूतल्या गाठी यांचा 'इंटरफोन' नावाचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये आला. सगळ्यात जास्त बोलणाऱ्या दहा टक्के लोकांत मेंदूच्या एका प्रकारच्या गाठीचं प्रमाण १.४० पट दिसलं. हा आकडा प्रत्येक पत्रकात असतो. पण त्याच अभ्यासात, नियमित मोबाईल वापरणाऱ्या सगळ्यांचं एकत्र प्रमाण ०.८१ आलं होतं. म्हणजे न वापरणाऱ्यांपेक्षा कमी! ०.८१ खरं मानलं तर 'मोबाईल वापरा, कॅन्सर टाळा' असं पत्रक काढावं लागेल. खुद्द अभ्यास करणाऱ्यांनीच सांगितलं होतं की दहा वर्षांपूर्वी किती बोललो हे लोकांना नीट आठवत नाही, काहींनी तर पटणार नाहीत इतके तास सांगितले, त्यामुळे दोन्ही आकड्यांत खोट असू शकते. पत्रकवाल्यांनी एक आकडा घेतला, दुसरा 'लूज कनेक्शन' म्हणून खोडला. ओळखीची पद्धत आहे की नाही?

२०१८ साली अमेरिकेत उंदरांवरच्या मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. रोज नऊ तास, दोन वर्षं, सगळ्या अंगावर रेडिएशन. नर उंदरांच्या हृदयात गाठी वाढल्या, ही बातमी जगभर गेली. पण ज्यांच्यावर रेडिएशन सोडलं ते नर, न सोडलेल्या नरांपेक्षा जास्त जगले, हे किती जणांनी छापलं?

आणि 'जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं' त्याचं काय? संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं मे २०११ मध्ये रेडिओलहरींना '२बी' गटात टाकलं. त्याचा अर्थ 'कदाचित कारण असू शकेल, पुरावा अपुरा'. मी मराठी करताना 'कदाचित' गाळलं होतं. वाक्य जोरदार होत नव्हतं ना! याच संस्थेच्या गट १ मध्ये, म्हणजे 'कॅन्सर होतोच, पुरावा पक्का' या यादीत, न जाळता खायची-लावायची तंबाखू आहे, सुपारीही आहे. आत्याची मिश्री गट १ मध्ये होती आणि समोरचा टॉवर २बी मध्ये. ज्या कागदाचा हवाला देऊन आम्ही मोर्चा काढला, तोच कागद आत्याला वाचवू शकला असता. आम्ही तो पूर्ण वाचलाच नव्हता.

त्यानंतर पुरावा अजून जमला. ब्रिटनमध्ये लहान मुलांचे १३९७ कॅन्सर रुग्ण आणि प्रत्येकामागे चार निरोगी मुलं घेऊन, आईच्या गरोदरपणात जवळच्या अँटेनांतून किती रेडिएशन आलं असेल याचा हिशेब केला. संबंध सापडला नाही (२०१०). सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेला, ६३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. मोबाईल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध त्यातही दिसला नाही. या बातमीवर आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एकही मेसेज पडला नाही.

आपण टेलिकॉमवाले आहोत तर थोडं गणितही करू या. २० वॅटचा ट्रान्समीटर, अँटेनाचा गेन समजा ५० पट. म्हणजे मुख्य झोताच्या दिशेनं १००० वॅटचा परिणाम. ५० मीटरवर, ४ पाय आर स्क्वेअरनं भागलं की चौरस मीटरला साधारण ०.०३ वॅट. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली, ती ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट. म्हणजे असे दहा ट्रान्समीटर एकाच दिशेनं लावले तरी ५० मीटरवर आपण आतच राहतो. शिवाय झोत आडवा जातो. टॉवरच्या बरोबर खाली सगळ्यात कमी, दिव्याखाली अंधार!

पण हेच गणित १० मीटरला करा. ०.८ वॅट येतं, मर्यादेच्या वर. म्हणून ज्याच्या खिडकीसमोर, त्याच उंचीवर, दहा मीटरवर अँटेना तोंड करून उभा आहे, त्याची तक्रार हसण्यावारी नेऊ नका. ती मोजून बघायची गोष्ट आहे. २०१७ मध्ये दूरसंचार विभागानं 'तरंग संचार' सुरू केलं तेव्हापासून फी भरून रेडिएशनची मोजणी मागता येऊ लागली. आमच्या समितीनं बॅनरवर, रिक्षाच्या भोंग्यावर, मंडपावर खर्च केला. मोजणी मागावी असं कुणालाच सुचलं नाही. टेलिकॉमच्या विद्यार्थ्यालासुद्धा नाही. आणि आणखी एक : टॉवर दूर गेला की तुमचा हँडसेट सिग्नलसाठी जास्त पॉवर फेकतो, आणि हँडसेट कानाला असतो. टॉवर हटवून आपण डोक्याजवळचं रेडिएशन वाढवत असतो, हे तर थर्ड इयरच्या सिलॅबसमध्येच आहे.

मग चळवळ करणारे सगळे खोटारडे का? मुळीच नाही. आमच्या कॉलनीचे लोक स्वतःच्या खिशातून पैसे घालून, रजा टाकून उन्हात उभे राहिले होते. २०१२ ची कडक मर्यादा लोकांच्या दबावाशिवाय आली नसती. आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला टॉवर-रेडिएशनवर अहवाल दिला, त्यानंतर देशात हा विषय ऐरणीवर आला. अँटेनाच्या बाबतीत त्यांचा शब्द मोठा आहे. पण अँटेना कळणं वेगळं आणि कॅन्सरचा अभ्यास चांगला की वाईट हे कळणं वेगळं. माझं तर दोन्ही कच्चं होतं, तरी माझ्या नावापुढचं 'ई अँड टीसी' बघून लोकांनी विश्वास ठेवला. परदेशातही तेच. २००७ चा 'बायोइनिशिएटिव्ह' अहवाल काही शास्त्रज्ञ आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी मिळून काढला. पुढच्याच वर्षी नेदरलँडच्या आरोग्य परिषदेनं तो तपासून तो समतोल नसल्याचं सांगितलं. आपल्याकडे पत्रकांत अहवाल पोहोचला, तपासणी पोहोचली नाही.

कंपन्या साधूसंत आहेत असंही मी म्हणत नाही. उलट तंबाखूचा इतिहास बघा. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी लंडनच्या इस्पितळांत सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला, तेव्हा 'अभ्यास सदोष आहे, अजून पुरावा हवा' असं वर्षानुवर्षं ओरडणाऱ्या कंपन्याच होत्या. मग फरक काय? फरक असा की त्या दोघांनी त्यावर थांबून मोर्चा काढला नाही. १९५१ पासून हजारो ब्रिटिश डॉक्टरांना आधी 'सिगारेट ओढता का' विचारून ठेवलं आणि मग वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आधी वर्तुळ काढलं, मग दगड मारला. देश बदलला, माणसं बदलली, तरी उत्तर तेच आलं. तंबाखूविरोधी कार्यकर्ते बरोबर ठरले ते त्यांचा हेतू चांगला होता म्हणून नव्हे, त्यांच्या हातातला पुरावा टिकला म्हणून. हेतू तर आमच्या कॉलनीचाही चांगलाच होता.

चांगला अभ्यास बघायला परदेशातच जायला हवं असंही नाही. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि वर सांगितलेली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संस्था यांनी उस्मानाबाद (आजचं धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर अभ्यास केला. ५२ गावगट, १ लाख ३१ हजारांवर बायका. कुठल्या गावगटात कोणती तपासणी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं आधीच ठरवलं आणि आठ वर्षं वाट बघितली. २००९ मध्ये निकाल आला : ज्यांची एकदा एचपीव्ही चाचणी झाली त्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू, ज्यांची तपासणी झाली नाही त्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. पुढे या अभ्यासावर टीकाही झाली, की एका गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का? तो प्रश्न रास्तच होता. ही खरी चिकित्सा. पण आकडा जुळवला, असं कुणी म्हणू शकलं नाही.

मला वाटतं, गडबड एका जागी होत नाही. संशोधक लिहितो : 'लहान अभ्यास आहे, परंतु संबंध दिसतो'. गट 'लहान' आणि 'परंतु' गाळतो. माझ्यासारखा मराठी करणारा 'कदाचित' गाळतो. वार्ताहर साल गाळतो, कारण जुनी बातमी कोण छापणार? व्हॉट्सॲपवर येईपर्यंत उरतं : 'टॉवरनं कॅन्सर होतो'. मेसची आमटी मेंबर वाढले की पातळ होते. बातमीचं उलट आहे, जितके हात फिरतील तितकी घट्ट होत जाते. कुणीच मुद्दाम खोटं बोललेलं नसतं. प्रत्येकानं फक्त एकेक शब्द गाळलेला असतो.

"पण सावधगिरी बाळगली तर बिघडलं कुठं?" हा प्रश्न मला आमच्या रूमवर रोज विचारला जातो. बिघडतं. माणसाकडे काळजी करायची ताकद मोजकीच असते. आमच्या कॉलनीनं ती सगळी गच्चीवरच्या टॉवरवर खर्च केली. आपल्या जिल्ह्यात इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली. दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूची ती साथ, माणसं गेली. नळाच्या पाण्याचा नमुना तपासून घ्या म्हणून आमच्या कॉलनीत कधी समिती झाली नाही. निपाणीची तंबाखू इथून तासाभरावर पिकते, ती घराघरातल्या तव्यावर भाजली जाते, तिच्यावर कधी मोर्चा नाही. टॉवर परक्याचा, मिश्री आपली. परक्यावर संशय घेणं सोपं असतं. जिची भीती वाटायला हवी ती गोष्ट आत्याच्या फडताळात, जुन्या पावडरच्या डब्यात होती.

आपलंच बघा ना. गेटबाहेरच्या टपरीवर उभं राहून, हातावर मावा मळत, 'फाईव्ह जीनं मेंदूवर काय परिणाम होतो' यावर तावातावानं बोलणारे आपले मित्र मी मोजले आहेत. (नावं घेत नाही, काही जण माझ्याच विंगमधले आहेत.) भावांनो, मेंदूचं राहू द्या, गाल आरशात बघा! पांढरा चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, तिखट सहन न होणं, यातलं काहीही असलं तर सबमिशन संपायची वाट बघू नका.

आणि कुठलंही पत्रक हातात आलं, ते कंपनीचं असो, आपल्या आवडत्या गटाचं असो की खुद्द कॉलेजच्या एखाद्या क्लबचं असो, तर त्याचा छोटासा व्हायव्हा घ्या. किती माणसं होती? कशाशी तुलना केली? जे सांगतात तेच मोजलं की दुसरंच काहीतरी? प्रश्न आधी ठरवला होता की उत्तर सापडल्यावर? कारण आणि आजार यांच्यात पुरेसा काळ गेला होता का? आणि दुसऱ्या कुणी करून पाहिलं तेव्हा काय आलं? सहाच प्रश्न आहेत. आपले एक्स्टर्नल याहून जास्त विचारतात.

मी दुसरं पत्रक लिहिलं. पहिल्यात काय चुकलं ते त्यात आकड्यांसकट सांगितलं, आणि खाली मिश्री-माव्याबद्दल लिहिलं. समितीनं ते वाटायला नकार दिला. पहिलं छापणाऱ्या दैनिकाला पाठवलं, ते आलं नाही. शेवटी झेरॉक्स काढून मीच साठ घरांत देऊन आलो. दोन ठिकाणी "कंपनीनं किती दिले?" असं विचारून दार लावलं. राग आला नाही. सहा-सात महिन्यांपूर्वी मीही तेच विचारलं असतं. पण आत्याच्या गल्लीतल्या चार बायका तोंड तपासून आल्या. एकीला चट्टा होता, वेळेत सापडला.

टॉवर अजून तिथेच आहे. आत्यानं मिश्रीचा डबा फेकून दिला. रोज रात्री नऊला तिचा फोन येतो, त्याच टॉवरवरून. पूर्वीसारखे शब्द फुटत नाहीत, पण मला बरोबर कळतं. "पोरा, जेवलास का?"

— अंतिम वर्ष, ई अँड टीसी